चालण्याच्या वर्गातली माझी लबाडी

एकतीस वर्षं मी लाल गाडी चालवली. डेपो लातूरचा आणि बहुतेक सगळा काळ लातूर–नांदेड याच रस्त्यावर. अहमदपूर, लोहा, सगळे थांबे, सगळे खड्डे पाठ. एकतीस वर्षांत गाडीला एकही अपघात नाही. त्याबद्दल बिल्ला मिळाला होता, तो मी छातीवर मिरवला. कुणी विचारलं नाही तरी सांगायचो. त्यामुळे आता जे सांगणार आहे ते सांगताना जीभ जड होते. पण दुसऱ्या कुणाला ते नीट सांगता येणार नाही. सगळं खरं फक्त मलाच ठाऊक होतं.

रिटायर झाल्यावर चौथ्या वर्षी माझ्या कुशीत दुखायला लागलं. लातुरात सोनोग्राफी केली. मुतखडा निघाला, बारीकसा. पण डॉक्टर बेंबीच्या वर ते यंत्र पुन्हा पुन्हा फिरवू लागले. मग त्यांनी विचारलं, "बिडी ओढता का?"

"हाव. थोडी."

"किती वर्षं?"

मी सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच.

पोटातून खाली जाणारी मोठी रक्तवाहिनी एका जागी फुगली होती. चार सेंटिमीटरच्या जरासं पुढं. मला लगेच टायर आठवला. टायरला असा फुगा आला की तो टायर रस्त्यावर काढायचा नसतो, हे कुठलाही ड्रायव्हर सांगेल. मी घरी आलो आणि खुर्चीत बसलो. दोन महिने बसूनच राहिलो. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, घरात मी एकटा. लेक नांदेडहून आली, माझी दशा बघितली आणि मला घेऊनच गेली.

लेकीच्या घरी राहणं हेच मला जड गेलं. आमच्याकडं लेकीच्या घरचं पाणीसुद्धा बापानं विचार करून प्यावं. जावई विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकवतात, घर तिथंच जवळ. फार सालस माणूस. मला 'मामा' म्हणायचे, माझ्या आधी जेवायला बसायचे नाहीत. मी मात्र तिथंही खुर्ची सोडली नाही. पाण्याचा पेला लेकीनं हातात आणून द्यायचा. वर "पोटात बॉम्ब हाय माझ्या" असं म्हणायचो. ती ऐकून घ्यायची.

नांदेडच्या मोठ्या दवाखान्यातल्या सर्जननी माझी समजूत घातली. ते म्हणाले, "ह्याला आत्ता ऑपरेशन लागत नाही. लहान आहे. दर सहा महिन्यांनी मापू. बिडी बंद, बीपीची गोळी रोज सकाळी एक. आणि चालायचं."

"चालायचं? साहेब, फुटलं म्हणजे?"

"जड उचलू नका, श्वास रोखून जोर लावू नका. चालण्यानं फुटत नाही. बसून बसून मात्र छाती आणि पाय कमजोर होतात. उद्या ऑपरेशनची वेळ आलीच, तर ते झेपायला अंगात ताकद नको? आमच्याकडं ह्यासाठी वर्ग आहे. आठवड्यातून तीनदा या. माणूस लक्ष द्यायला असतो."

तो वर्ग म्हणजे दवाखान्याच्या मागच्या बाजूची एक लांब खोली. ट्रेडमिल म्हणतात ते दोन चालायचे पट्टे, दोन सायकली, भिंतीला बांधलेले रबराचे पट्टे, एक टेबल आणि बीपीचं यंत्र. आम्ही सहा जण होतो, कुणाचं हृदय, कुणाचे पाय. माझ्यासारखा फुगा असलेले आम्ही दोघंच. दुसरे म्हणजे शेरवान्या शिवणारे एक म्हातारे कारागीर, जुन्या नांदेडातले, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. त्यांना सगळे चाचा म्हणायचे. वयानं माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठे, आणि त्यांचा फुगाही माझ्यापेक्षा मोठा.

लक्ष द्यायला एक पोरगी होती. फिजिओथेरपीचं शिकून नुकतीच लागलेली, पहिलीच नोकरी, तीही करारावरची. रोज उमरीहून यायची-जायची. मी तिला तोंडावर मॅडम म्हणायचो, मनात पोरगीच. ती मला काका म्हणायची. आल्याबरोबर पाच मिनिटं बसवायची, बीपी घ्यायची, वहीत लिहायची. मग पट्ट्यावर उभं करून शर्टाला एक लाल दोरीचा चिमटा लावायची. माणूस मागं घसरला की चिमटा ओढला जातो आणि पट्टा जागीच थांबतो. मग हळूहळू वेग. चालताना ती सारखी काहीतरी विचारत राहायची, गाव कोणतं, आज भाजी काय खाल्ली. मला आधी वाटलं, पोरगी बोलघेवडी आहे. नंतर कळलं, मला बोलताना धाप लागते का ते ती बघायची. धाप लागली की वेग कमी.

ह्यात लाज वाटण्यासारखं काय होतं? आज विचार केला तर काहीच नव्हतं. पण मला वाटायची. ज्या माणसानं रोज पन्नास-साठ जीव पोचवले, त्याला एक पोरगी चालायला शिकवते. त्यात तो चिमटा. बकरीला बांधल्यासारखं वाटायचं. आणि सगळ्यात खुपायचे चाचा. शेजारच्या पट्ट्यावर ते माझ्यापेक्षा जास्त वेगानं चालायचे. आयुष्यभर मशीनवर वाकून बसलेला माणूस, काटकुळा, आणि त्यांचा आकडा माझ्या पुढं. मी तिरक्या डोळ्यानं त्यांचा आकडा बघायचो. त्यांच्या ते लक्षात आलं होतं.

"ड्रायवरसाब," ते एकदा हसून म्हणाले, "ये पट्टा कईंच नै जाता. जल्दी कायकू?"

मी हसलो, पण मला ते लागलं.

बिडी मी सोडली नव्हती. सोडली असं सांगितलं होतं. डॉक्टरांना, लेकीला, जावयांना, त्या पोरीला. दवाखान्याच्या गेटच्या पलीकडं एक टपरी होती. लेक मला रिक्षात बसवून द्यायची, मी टपरीपाशी उतरायचो, दोन बिड्या ओढायचो, बडीशेप चघळत आत जायचो. पाचव्या आठवड्यात एकदा बीपी घेतलं तर वरचा आकडा एकशे नव्वदला टेकला. तिनं पाच मिनिटं थांबून पुन्हा घेतलं. तेवढाच.

"काका, आज चालायचं नाही."

"काय झालं? मला तर काहीच होत न्हाई."

"एवढं बीपी असताना मी तुम्हाला पट्ट्यावर घेऊ शकत नाही. आज बसा. डॉक्टरांना कळवते."

मी बाकावर बसलो. चाचा चालत होते आणि मी बसून त्यांना बघत होतो. शाळेत वर्गाबाहेर उभं केल्यासारखं. डॉक्टरांनी गोळी तीच ठेवली, दोन दिवसांनी बघू म्हणाले. पण मला पुन्हा त्या बाकावर बसायचं नव्हतं. म्हणून पुढच्या वर्गाच्या दिवशी सकाळी मी दोन गोळ्या घेतल्या. डबल डोस. माझ्या डोक्यानं.

बीपी एकशे चार आलं.

तिनं भुवया वर केल्या. "आज एकदम कमी? चक्कर वगैरे येते का?"

"न्हाई."

"गोळी घेतली?"

"एकच घेतली."

नुसतं 'घेतली' म्हणालो असतो तरी चाललं असतं. 'एकच' हा शब्द मी स्वतःहून घातला. तो शब्द मला अजून ऐकू येतो.

तिनं मला सावकाश चालायला लावलं. पाच-सात मिनिटांनी चाचांच्या पायात गोळा आला म्हणून ती त्यांच्याकडं वळली, वाकून त्यांची पोटरी चोळू लागली. तिची पाठ माझ्याकडं होती. मी शर्टाचा चिमटा काढला आणि समोरच्या दांडीला अडकवून ठेवला. मग वेगाचं बटण दाबलं. एकदा, दोनदा. चाचांचा आकडा मला गाठायचा होता. किती दाबलं आठवत नाही. डोळ्यांपुढं एकदम पांढरं झालं, हात सुटला, आणि मी मागं फेकला गेलो.

कपाळाला चार टाके पडले, गुडघा सोलला. सगळ्यांना भीती पोटाची. मला तसंच स्कॅनला नेलं. ती पोरगी स्ट्रेचर धरून पळत होती आणि "काका, पोटात दुखतंय का? पाठीत कळ येते का?" असं विचारत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. स्कॅनमध्ये फुगा होता तेवढाच होता. त्याला काही झालेलं नव्हतं.

जावई कॉलेजातून धावत आले. एवढा सालस माणूस, पण त्या दिवशी त्यांचा आवाज सगळ्या व्हरांड्यात ऐकू येत होता. "तुम्हाला इथं कशाला ठेवलंय? पेशंट पडतोय आणि तुम्ही पाठ करून बसता?" ती उभी होती, खाली बघत. एकदाच म्हणाली, "सॉरी सर." मी तिथंच खाटेवर होतो, दहा पावलांवर, पूर्ण शुद्धीवर.

डॉक्टरांनी मला विचारलं, "काका, नेमकं काय झालं?"

मी म्हणालो, "एकदम वेग वाढला."

"कुणी वाढवला?"

"मॅडम तिकडं होत्या," मी म्हणालो.

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, तरी ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी लबाडी. चौकशी काय असते ते मला माहीत होतं. डेपोत चूक नसताना लटकलेले ड्रायव्हर मी पाहिले होते, त्यांच्यासाठी साहेबांच्या टेबलापुढं भांडलोही होतो. नोकरी करारावरची असली की माणसाकडून खुलासा लिहून घेतात आणि बाजूला करतात. हे सगळं ठाऊक असून मी तोंड उघडलं नाही. जावयापुढं बिडी उघडी पडेल, दोन गोळ्या उघड्या पडतील, एवढ्यासाठी.

वर्ग बंद झाला. माझ्या एकट्याचा नाही, सहाही जणांचा. पोरीला वॉर्डात लावलं. लेकीनं पुन्हा माझ्या हातात पाण्याचा पेला आणून द्यायला सुरुवात केली. माझी टोचणी तिला दुखणं वाटायची. "बाबा, मनाला लावून घेऊ नका. तुमची काय चूक?" असं ती म्हणायची, आणि मी भिंतीकडं तोंड करून पडायचो.

पाचेक आठवडे असे गेले. मग पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी मला लातूरला जायचं होतं. दुपारी नांदेडच्या स्टँडवर गेलो. बाकावर ती पोरगी बसली होती, मांडीवर डबा, उमरीच्या गाडीची वाट बघत. मला बघितल्याबरोबर उठली.

"काका, बसा ना. गुडघा कसा आहे?"

"बरा हाय."

"टाक्यांची खूण दिसते थोडी. जाईल."  मग म्हणाली, "मी तुम्हाला भेटायला येणार होते. पण तुमचे जावई रागावतील म्हणून नाही आले. माझंच चुकलं काका. दोघांना एकाच वेळी पट्ट्यावर घ्यायला नको होतं. आई म्हणते, देवाची कृपा, काका वाचले."

"वॉर्डात बरं चाललंय का?" मी विचारलं.

"चाललंय. करार मार्चपर्यंत आहे. पुढचं माहीत नाही."

लातूरची गाडी लागली. मी काय करावं? तिथंच सांगायला हवं होतं. मी "बरं, येतो" म्हणालो आणि गाडीत चढलो. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसलो. खिडकीतून ती मला हात हलवत होती.

गाडी चालवणारा तरुण होता, हात चांगला होता त्याचा. त्यानं मला चढतानाच ओळखलं होतं, मागं न बघताच म्हणाला, "काका, तुमच्या बिनअपघाताचं अजून नाव काढतात डेपोत." मला बसवेना. लोह्याला गाडी थांबली तशी मी उतरलो. कंडक्टर म्हणाला, "काका, तिकीट तर लातूरचं हाय?"

"उतरायचंय इथं," मी म्हणालो. समोरून येणाऱ्या गाडीनं परत नांदेड. स्टँडवर ती नव्हती, तिची गाडी केव्हाच गेली होती.

घरी गेलो तर जावई अंगणात झाडांना पाणी घालत होते. मी म्हणालो, "जावईबापू, जरा बसा." ते पायरीवर बसले. मी उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. बिडी, टपरी, दोन गोळ्या, चिमटा, बटण. त्यांच्या हातातला पाइप वाहतच होता, त्यांच्या ते ध्यानात नव्हतं.

त्यांनी पाइप खाली ठेवला. मग म्हणाले, "मामा, मी त्या मुलीला सगळ्यांसमोर काय काय बोललो, माहीत आहे तुम्हाला?"

"हाव. मी तिथंच होतो."

"तुम्ही तिथंच होतात," ते म्हणाले आणि उठून आत गेले. त्या दिवशी ते माझ्यासाठी न थांबता जेवले. लेकीनं माझं ताट वाढलं, पण ती माझ्याकडं बघत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी आणि जावई दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडतील असं वाटलं होतं, ते ओरडले नाहीत. थंडपणे म्हणाले, "दोन गोळ्या घेऊन तुम्ही पट्ट्यावर धावलात. डोकं आपटून तिथंच गेला असतात, तर त्या मुलीनं जन्मभर स्वतःला दोष दिला असता. कागदावर लिहून द्या." मी लिहून दिलं. सही वाकडी आली.

मग वॉर्डातून तिला बोलावलं. माफी मला मागायची होती. सकाळपासून शब्द जुळवत होतो. पण ती आत आली आणि मी काही बोलायच्या आतच जावयांनी तिच्यापुढं हात जोडले. "मी तुम्हाला नको ते बोललो. मला माफ करा."

"सर, असं नका करू," ती घाबरून मागं सरकली.

माझ्या पापासाठी जावयानं हात जोडले. मी मागं उभा होतो, तसाच राहिलो. माझे हात वर आले तेव्हा फार उशीर झाला होता. मी म्हणालो, "पोरी, चूक माझी हाय. सगळी माझी."

 तिनं विचारलं, "दोन गोळ्या त्याच दिवशी घेतल्या, की आधीही घ्यायचात?"

"त्याच दिवशी."

"बिडी?"

"रोज. दोन. कधी तीन."

तिनं डॉक्टरांच्या टेबलावरचा माझा कागद ओढला आणि ते लिहून घेतलं. लिहिता लिहिता म्हणाली, "त्या दिवशी खरं सांगितलं असतं तर मी तुम्हाला चालवलंच नसतं." एवढंच. रडली नाही, चिडली नाही. कागद ठेवला आणि वॉर्डात परत गेली.

पुढच्या आठवड्यात वर्ग पुन्हा सुरू झाला, तिच्याच हाताखाली. मी पहिल्या दिवशी गेलो तेव्हा पाय आत पडेना. तिनं मला आत घेतलं, पाच मिनिटं बसवलं, बीपी घेतलं. मग म्हणाली, "गोळ्यांचं पाकीट दाखवा." त्यातल्या रिकाम्या खाचा तिनं एक एक बघितल्या. त्या दिवसापासून प्रत्येक वेळी ती पाकीट बघायची, माझं एकट्याचं, सगळ्यांसमोर. आणि मी ते खिशातून काढून द्यायचो. चिमटा लावला की एकदा ओढून बघायची. चालताना बोलायची तशीच, धाप बघायला. पण काका म्हणणं तिनं सोडून दिलं. "आता वेग वाढवते, ठीक आहे?" असं म्हणायची. मी तिला दोष देत नाही. वर्गाच्या शेवटच्या दिवसापर्यंत मात्र मी त्या एका शब्दाची वाट बघितली.

चाचा पहिले काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग सायकलवर शेजारी बसले असताना स्वतःच म्हणाले, "मैं देखा था. तुम बटन दबा रए थे."

"मग सांगितलं का न्हाई?"

"मेरेकू डॉक्टरसाब पूछे थे. मैं बोला, उनसे पूछो, सच्चे आदमी हैं, खुदी बोलेंगे." त्यांनी पायडल मारणं थांबवलं. "पाँच हफ्ते रुका मैं. वो लड़की का क्या हाल हुआ, देखा भी. मेरी भी गलती है भाई."

त्यांनी मला सच्चा माणूस समजलं होतं.

सहा महिन्यांच्या मापात माझा फुगा जेवढ्यास तेवढा निघाला. चाचांचा वाढला होता. ऑपरेशन करावं लागलं. वर्ग बंद पडल्यामुळे ते पाच आठवडे घरात बसून होते, मशीनवर वाकून. त्यानं काही बिघडलं का, हे मी डॉक्टरांना विचारलं. "तसं सांगता येत नाही," ते म्हणाले. "पण चालण्याची सवय होती म्हणून ऑपरेशन चांगलं झेपलं त्यांना." ह्या दोन वाक्यांतलं पहिलंच माझ्या मनात राहिलं.

ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी मी त्यांना भेटायला गेलो. वॉर्डाच्या व्हरांड्यात ते मुलाचा हात धरून चालत होते, सावकाश, एका हातानं पोटाला उशी धरून. मला बघून थांबले.

"ड्रायवरसाब, बिडी?"

"सुटली. दोन महिने झाले," मी म्हणालो. मग थांबलो. "मधी एकदा ओढली. लातूरला गेलो तवा."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. "चलो फिर," म्हणाले आणि मुलाचा हात सोडून माझा धरला. आम्ही व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेलो. त्यांच्या वेगानं.